पाण्यात सुटणारी अक्षरे

गेल्या पावसाळ्यात देहूला एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. चाकणच्या एका कारखान्यात रंगविभागात नोकरी करणारे हे गृहस्थ सुटीच्या दिवशी प्लास्टिकची छोटी विमाने जुळवतात. आम्ही पोहोचलो तेव्हा टेबलावर चंदेरी रंगाचे, जेमतेम १२ सेंटिमीटर लांबीचे एक नॅट विमान होते आणि शेजारी बशीत कोमट पाणी. त्यांनी नखाएवढा कापलेला कागद चिमट्याने पाण्यात बुडवला, अर्ध्या मिनिटाने बाहेर काढला आणि कुंचल्याच्या टोकाने हलकेच ढकलला. कागदावरची अक्षरे कागद सोडून विमानाच्या अंगावर सरकली. कागद कोरा झाला. अक्षरे जशीच्या तशी राहिली.

देहूत बसून हे पाहणाऱ्या मराठी माणसाच्या मनात काय येईल ते सांगायला नको. आम्ही ते बोलूनही दाखवले. स्नेही हसून म्हणाले, "अहो, आमच्याकडे येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो." आम्ही किंचित ओशाळलो. इंद्रायणीच्या डोहातून तेरा दिवसांनी वर आलेल्या वह्या आणि बशीतल्या पाण्यात सुटणारी अक्षरे यांतले साम्य खरोखरच वरवरचे आहे. त्यावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. परंतु परतीच्या वाटेवर दुसरे एक साम्य सुचले आणि ते मात्र पुष्कळ दिवस मनातून जाईना. मूळ वस्तू नाहीशी झाल्यावर तिच्यावरचे लेखन कोण सांभाळते, आणि ते अस्सल आहे असे कोणाच्या भरवशावर मानायचे, असा तो प्रश्न आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न हस्तलिखितांच्या संदर्भात ठाऊक असतो. खेळण्यातल्या विमानाच्या निमित्ताने तो विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी वस्तूची ओळख करून घेऊ. या चित्रकागदाला 'डेकल' म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्यामागची कल्पना अठराव्या शतकातली आहे. छापलेले चित्र कागदावरून उचलून दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवण्याची युक्ती मातीच्या भांड्यांच्या धंद्याने प्रथम जोपासली. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ साली सहा तासांत १२०० हून अधिक फरशा अशा रीतीने छापल्याचे शपथेवर नोंदवले आहे. एकेका फरशीवर हाताने चित्र काढणाऱ्या कारागिराला हा आकडा काय सांगून गेला असेल याची कल्पना करावी. पुढच्या शतकात ही युक्ती घराघरांत करमणूक म्हणून पोहोचली. आपल्याकडेही ज्यांनी लहानपणी वहीवर पाण्याने ओली चित्रे उमटवली असतील त्यांना ती अपरिचित नाही.

विमानाच्या डेकलची रचना साधी पण नाजूक असते. तळाशी कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक लाखेचा पातळ पापुद्रा आणि त्या पापुद्र्यावर शाई. पाण्यात डिंक विरघळला की पापुद्रा शाईसकट मोकळा होतो. तो खडबडीत पृष्ठभागावर लावला तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. म्हणून विमानाला आधी चकचकीत वॉर्निश देतात, डेकल बसल्यावर पापुद्रा मऊ करणारे द्रावण लावतात आणि शेवटी चमक मारणारा हात फिरवतात. सारे नीट जमले तर पापुद्रा दिसत नाही आणि अक्षरे रंगवलेली वाटतात.

या छंदात प्रमाणाला फार महत्त्व आहे. १९३६ साली ब्रिटनमध्ये 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने जुळवायच्या प्लास्टिक विमानांची मालिका निघाली, तिने सहा फुटांना एक इंच, म्हणजे १/७२ हे प्रमाण धरले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने ओळखायला शिकवण्यासाठी केलेल्या काळ्या प्रतिकृतीही याच प्रमाणात होत्या आणि आजही ते रूढ आहे. या हिशेबाने विमानावरचे एक फूट उंचीचे अक्षर सव्वाचार मिलिमीटर होते, आठ इंची क्रमांक तीन मिलिमीटरहूनही कमी, आणि दरवाजाजवळची इंचभर उंचीची सूचना मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढी. ती भिंगाखालीही जेमतेम वाचता येते. तरीही तिच्यातले शुद्धलेखन चुकले तर लोक तक्रार करतात. मराठी मुद्रितशोधकांनी हेवा करावा असा हा वाचकवर्ग आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. विमानाच्या किटबरोबर खोक्यात एक डेकलपत्र येतेच. ते किट काढणाऱ्या कंपनीने निवडलेले असते आणि कंपनी आपल्या गिऱ्हाइकाकडे पाहून निवड करते. म्हणून ब्रिटिश खोक्यात ब्रिटिश चिन्हे आणि अमेरिकी खोक्यात अमेरिकी चिन्हे असतात. ज्यांना दुसऱ्या देशाचे, दुसऱ्या तुकडीचे किंवा दुसऱ्या वर्षीचे विमान करायचे असते त्यांच्यासाठी निराळी माणसे निराळी पत्रे छापतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत 'मायक्रोस्केल' आणि ब्रिटनमध्ये 'मॉडेलडेकल' यांनी हा व्यवसाय नावारूपाला आणला. पुढे १९९० च्या दशकात जपानच्या 'आल्प्स' कंपनीचे पांढरी शाई छापू शकणारे घरगुती यंत्र निघाले आणि एकट्यादुकट्या हौशी माणसालाही चार-दोन डझन पत्रे काढता येऊ लागली. अशा पत्रांना आम्ही या लेखापुरते 'पुरवणी' म्हणतो. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका संपल्यावर मागून घेतात ती पुरवणी. सांगायचे अजून उरले आहे, असा तिचा अर्थ.

भारतीय विमानांच्या बाबतीत सांगायचे बरेच उरले होते. नॅटचेच उदाहरण घ्या. 'एअरफिक्स'चे जे नॅट पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी जुळवले ते दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे आणि त्याची सर्वपरिचित चिन्हे 'रेड ॲरोज' या ब्रिटिश कसरतपथकाची आहेत. हे पथक १९६५ साली स्थापन झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय हवाई दलाची एक आसनी नॅट विमाने पंजाबच्या आकाशात लढत होती. युद्धात नॅट वापरून नाव मिळवले ते प्रामुख्याने भारताने; खोक्यावर मात्र दिसत राहिला तो लाल रंगाचा कसरतपटू. यात कोणाचा कट नव्हता, बाजारपेठेचा साधा हिशेब होता. परंतु वाङ्मयाच्या इतिहासातही कोणते ग्रंथ छापले गेले आणि कोणते बासनात राहिले हे पुष्कळदा अशाच हिशेबाने ठरले आहे.

पुरवणी काढणाऱ्याला भारतीय विमानावर काय लिहिलेले सापडते? पहिले म्हणजे वर्तुळचिन्ह. १९३३ साली हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा तिच्या विमानांवर ब्रिटिश पद्धतीचे लाल-पांढरे-निळे वर्तुळ होते. १९४२ नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातले लाल केंद्र काढून टाकावे लागले, कारण जपानी विमानांवर लाल वर्तुळ असे आणि घाईत आपल्याच विमानावर गोळ्या झाडल्या जाण्याची भीती होती. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र आले. १९५० साली प्रजासत्ताकाबरोबर दलाच्या नावातील 'रॉयल' गेले आणि आजचे वर्तुळ आले: बाहेर केशरी, मध्ये पांढरे, केंद्रात हिरवे. म्हणजे सतरा वर्षांत चार चिन्हे बदलली. भारताच्या राज्यघटनेपर्यंतच्या प्रवासाचा हा एक छोटा, बोलका आलेख आहे आणि १/७२ प्रमाणात तो करंगळीच्या नखावर मावतो.

दुसरे म्हणजे क्रमांक. रोमन अक्षरे आणि आकडे मिळून झालेली ही विमानाची जन्मखूण. हंटरच्या क्रमांकाआधी 'बीए', कॅनबेरा बॉम्बफेकी विमानाआधी 'आयएफ', ब्रिटनहून आलेल्या नॅटआधी 'आयई', आणि २००२ साली लोहगावच्या तळावर दाखल झालेल्या सुखोई-३० च्या परिवारात 'एसबी'. देहूच्या आकाशातून कधी गर्जना ऐकू आली तर तिच्या मालकाच्या शेपटीवर हीच अक्षरे असण्याचा संभव बराच.

क्रमांकाला चरित्र असते. 'आयई १०८३' या नॅटचे घ्या. ३ सप्टेंबर १९६५ रोजी २३ क्रमांकाच्या तुकडीचे हे विमान पाकिस्तानात पसरूरच्या धावपट्टीवर उतरले. वैमानिक स्क्वॉड्रन लीडर सिकंद युद्धकैदी झाले आणि युद्धानंतर परतले. विमान परतले नाही. ते आज कराचीच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. त्याच दिवशी त्याच तुकडीच्या ट्रेव्हर कीलर यांच्या नावे नॅटचा पहिला विजय नोंदला गेला. एका तुकडीच्या एका सकाळच्या या दोन कथा आहेत. त्यांतली कोणती सांगायची हे पुरवणी काढणारा कोणता क्रमांक छापतो यावर अवलंबून राहते.

हे सारे कळते कशावरून? आणि इथेच आमचे दुसरे साम्य सुरू होते. १९६५ च्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने १९९२ साली सिद्ध केला, परंतु तो सर्वांसाठी प्रकाशित झाला नव्हता. त्या पोकळीत हौशी माणसे कामाला लागली. निवृत्त वैमानिकांच्या अल्बमातली छायाचित्रे, पथसंचलनातली विमाने, चौकाचौकांत खांबावर चढवलेले जुने सांगाडे, यांवरून क्रमांकांच्या याद्या तयार झाल्या. २००५ साली जगन मोहन आणि समीर चोप्रा यांचा १९६५ च्या हवाई युद्धावरील ग्रंथ आला. त्यांतले एक विमानांच्या नोंदी जमवणारे अभ्यासक, दुसरे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पुरवणी काढणारा याच परंपरेतला, फक्त त्याचा ग्रंथ पोस्टकार्डाएवढा असतो.

त्याची कामाची रीत पाहिली की पाठचिकित्सेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. एकाच विमानाची पाच छायाचित्रे समोर असतात. तीन कृष्णधवल, त्यांत केशरी आणि हिरवा दोन्ही सारखेच करडे. एक रंगीत, पण रंग उडालेले. एक पुन्हा रंगवल्यानंतरचे. १९५१ च्या मानक क्रमांक १ ने राष्ट्रध्वजाचा केशरी नेमका ठरवून दिला हे खरे; परंतु उन्हात चार वर्षे उभ्या राहिलेल्या पत्र्याला मानक ठाऊक नसते. १९७१ साली मिग-२१ विमानांवर तळातळांवर हाताने कॅमोफ्लाजचे पट्टे ओढले गेले, त्यामुळे दोन विमाने एकसारखी नव्हती. तेव्हा या विमानाचा 'मूळ पाठ' कोणता? कारखान्यातून निघाले त्या दिवसाचा, लढले त्या दिवसाचा, की संग्रहालयात कोणी नव्याने रंगवले त्या दिवसाचा?

देहू ते चाकण या पट्ट्याने हा प्रश्न फार पूर्वी पाहिला आहे. डोहातून वह्या तरल्या ही श्रद्धा आपल्या ठिकाणी आहे. आज आपण जी गाथा वाचतो ती मात्र लेखनिकांच्या आणि संपादकांच्या हातांतून आली. चाकणचे संताजी जगनाडे हे धंद्याने तेली; तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते आणि त्यांची समाधी देहूपासून जवळच सुदुंबरे येथे आहे. 'इंदुप्रकाश' छापखान्याने १८६९ पासून सरकारी साहाय्याने जी गाथा काढली तिच्यासाठी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील पोथ्या शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी पाहिल्या. पुढे वि. ल. भावे यांनी जगनाड्यांची वही छापली तेव्हा तिला 'अस्सल गाथा' म्हटले. 'अस्सल' हा शब्द संपादकाला वापरावासा वाटतो तेव्हा मागे एखादी शंका उभी असते. पुरवणीच्या पाकिटांवरही हाच शब्द निरनिराळ्या भाषांत मिरवत असतो.

साम्य येथपर्यंत चालते. पुढे फरक आहे आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या प्रत्येक पानावर वर संपादकांनी स्वीकारलेला पाठ आणि खाली नाकारलेले पाठ आहेत. जेथे खात्री नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे. म्हणजे वाचकाला संपादकाशी भांडण्याचे साहित्य त्याच पानावर दिलेले असते. डेकलपत्राला तळटीप नसते. पाहिलेले, अनुमानाने ठरवलेले आणि निव्वळ कल्पिलेले, तिन्ही एकाच शाईत, एकाच ठामपणे छापलेले असते. एकाने छायाचित्रातला तीन आठ म्हणून वाचला की पुढचे दहा जण आठच छापतात, कारण ते छायाचित्राऐवजी आधीचे पत्र पाहतात. लेखनिकांचे प्रमाद पोथ्यांच्या कुळात असेच उतरत जातात. परंतु तेथे ते कूळ शोधून काढणारे शास्त्र आहे, येथे ते अजून व्हायचे आहे.

एवढ्याशा अक्षरांसाठी शास्त्र कशाला, असे वाचक म्हणतील. आम्हीही म्हणालो असतो. पण १ सप्टेंबर १९६५ ची संध्याकाळ आडवी येते. त्या दिवशी छांबच्या आघाडीवर पठाणकोटहून व्हॅम्पायर विमाने पाठवली गेली. व्हॅम्पायर हे भारताचे पहिले जेट, १९४८ साली आलेले. सतरा वर्षांनंतर सेबर विमानांपुढे त्याचा निभाव लागणे कठीण होते. चार व्हॅम्पायर पडली. एका वैमानिकाने छत्रीने उडी घेतली. भागवागर, भारद्वाज आणि जोशी हे तिघे परतले नाहीत. या विमानांपैकी एखाद्याचा क्रमांक कोणी छापतो तेव्हा ती केवळ सजावट राहत नाही. ते एका माणसाच्या अखेरच्या तासाचे लेखन असते. तेथे एक अंक चुकला तर मेलेल्या माणसाचे विमान परतलेले आणि परतलेल्याचे मेलेले ठरते. विमानाचा पत्रा गेला, माणसे गेली; उरला तो अंक तरी खरा असावा, ही अपेक्षा फार नाही.

तुकड्यांचे क्रमांक माणसांहून आणि विमानांहून दीर्घायुषी असतात. व्हॅम्पायर उडवणारी ४५ क्रमांकाची तुकडी २०१६ साली 'तेजस' विमानांची पहिली तुकडी म्हणून पुन्हा उभी राहिली. नॅटची २३ क्रमांकाची तुकडी पुढे मिग-२१ वर गेली आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे त्या विमानाचा निरोपसमारंभ झाला तेव्हा तीच तुकडी समोर होती. १९६३ ते २०२५, बासष्ट वर्षे. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात जन्मलेली शेकडो मिग-२१ या काळात उडाली; थोडी चौकांत आणि संग्रहालयांत उभी राहतील, बाकीची भंगारात जातील. आतापर्यंत शंका आली तर विमानाजवळ जाऊन पाहण्याची सोय होती. यापुढे बहुतेकांच्या बाबतीत छायाचित्र आणि पुरवणी एवढेच उरेल. पोथी जळाल्यावर नक्कल हीच पोथी होते, तसा हा प्रसंग आहे.

म्हणून पुरवणी काढणाऱ्यांकडे आमचे एकच मागणे आहे. पत्रासोबत सूचनांचा जो कागद असतो त्यावर चार ओळी अधिक लिहाव्यात: हा क्रमांक अमक्या साली काढलेल्या छायाचित्रावरून, ही छटा अनुमानाने, डाव्या बाजूचे छायाचित्र मिळाले नाही, म्हणून उजवीकडचे पाहून घेतली. यासाठी विद्वत्ता लागत नाही, संकोच सोडावा लागतो. आणि साहित्याच्या अध्यापकांनी पाठचिकित्सा शिकवताना एखादे दिवशी वर्गात पोथीबरोबर हे पोस्टकार्डाएवढे पत्रही न्यावे. पाठभेद म्हणजे काय हे विद्यार्थ्यांना पाच मिनिटांत कळेल.

असो. त्या दिवशी निघताना स्नेह्यांनी आपली एक वही दाखवली. प्रत्येक विमानासाठी एक पान, आणि पानावर तीन रकाने: 'पाहिले', 'ताडले', 'कल्पिले'. टेबलावरचे नॅट 'आयई १०८३' होते. क्रमांक पहिल्या रकान्यात होता, वर्तुळाचा आकार दुसऱ्यात. तिसऱ्या रकान्यात नाकाजवळच्या एका काळ्या पट्टीची नोंद होती आणि पुढे बारीक अक्षरांत लिहिले होते: "येथे असावी असे वाटते. चूक असल्यास दुरुस्त करीन." बाहेर पाऊस थांबला होता. बशीतले पाणी त्यांनी दारातल्या तुळशीला घातले.